म्युझिक कंपनीविना गाणाऱ्यांना श्रोते मिळवून देताना: ठाणे-नवी मुंबईत काम कसं सुरू कराल

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि तिन्ही दिवस स्टेडियम भरलं. म्हणजे तिकीट काढून गाणं ऐकणारा श्रोता आपल्याकडे आहे. पण त्याच नेरूळमध्ये स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या मुलीला साठ माणसं जमवायची असली, तर तिला खार किंवा लोअर परळ गाठावं लागतं. तिची ऐरोलीची मैत्रीणही लोकल बदलत तिथेच तिला ऐकायला जाते. गाणारी इथली आणि ऐकणारीही इथलीच, तरी भेट होते ती खाडीपलीकडे. ही भेट घराजवळ घडवून आणणारी माणसं आपल्याला हवी आहेत. त्यासाठी इव्हेंट कंपनी काढावी लागत नाही. नोकरी सांभाळून हे काम करता येतं. कुठून सुरुवात करायची ते खाली सांगतो.

आधी ऐकत फिरा

पहिले दोन-तीन महिने काहीही आयोजित करू नका. नुसतं ऐका, आणि मोबाइलवर सापडणाऱ्यांपुरतं थांबू नका. चेंदणी कोळीवाडा, दिवाळे, सारसोळे, घणसोली या गावठाणांत हळदीला बँजो पार्टी येते. तिथला कीबोर्डवाला पाच-पाच तास वाजवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेत गाणी बदलतो आणि गायकाची पट्टी घसरली तर सावरून घेतो. एवढी तयारी असलेल्या माणसाने स्वतःची चाल बांधली आहे का, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. बागेत गोल करून रॅप करणारी मुलं, चर्चचे कॉयर, भजनी मंडळातला तरुण पखवाजवाला, कॉलेजच्या फेस्टमध्ये दुसरे आलेले बँड, सगळ्यांना ऐका. शास्त्रीय संगीताची आवड असेल तर ठाणे महानगरपालिकेच्या पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सवाला जा. तिथे मंचाइतकंच प्रेक्षकांकडेही लक्ष द्या. संगीत शिकणारी बरीच मुलं खुर्च्यांवर बसलेली भेटतात.

ज्याच्यासाठी काम करायचं त्याला निदान तीनदा प्रत्यक्ष ऐका, रेकॉर्डिंगवर निर्णय घेऊ नका. मी दोन गोष्टी पाहतो. त्याच्याकडे स्वतःची चार-पाच पूर्ण गाणी आहेत का, आणि समोर दहाच माणसं असली तरी तो तितक्याच जीव लावून गातो का. आवाज गोड असून यातलं काहीच नसेल तर थोडं थांबा. सुरुवातीला एक-दोनच कलाकार घ्या. दहा जणांना शब्द दिलात तर एकाचंही काम धड होणार नाही.

बोलणी कागदावर आणा

मैत्रीत सुरू झालेल्या कामात लिहून ठेवणं परकं वाटतं, तरी लिहाच. एक पान पुरे. त्यात तुम्ही काय करणार (कार्यक्रम ठरवणं, प्रसिद्धी, हिशेब), काय करणार नाही, किती महिने करणार, कमाईतला तुमचा वाटा किती आणि कोणत्या कमाईतला, एवढं यायला हवं. तुम्ही मिळवलेल्या कार्यक्रमाचा वाटा तुमचा. त्याला आधीपासून मिळणाऱ्या हळदीच्या सुपाऱ्यांवर तुमचा हक्क नाही. हे स्पष्ट न झाल्यामुळे चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

दुसरा कागद गाण्यांचा. प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणी केलं, कोणाचा वाटा किती टक्के, खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. बँड एकत्र असताना हे दहा मिनिटांत होतं. गिटारवाला बेंगळुरूला गेला आणि गाणं गाजलं, की मग होत नाही.

ऑनलाइनचं थोडक्यात

कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. एका ठिकाणी एक ‘ए’ आणि दुसरीकडे दोन असले की एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि ऐकणारे विभागले जातात. स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिकवर गाणं वितरकामार्फत, म्हणजे ते या अ‍ॅपांवर पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेमार्फत जातं. काही वितरक वार्षिक फी घेतात, काही फी न घेता कमाईतून टक्केवारी कापतात. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक बहुतेक वितरक स्वतःच देतात. तो लिहून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तरी तोच वापरायचा असतो.

गाणं प्रसिद्ध व्हायच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते कलाकाराच्या खात्यातून, निदान सात दिवस आधी आणि एका वेळी एकच असं सुचवता येतं. प्रसिद्ध झाल्यावर ही सोय राहत नाही. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका. पैशाची घाई मात्र करू नका. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत एका गाण्याचे हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचं मानधन सुरू होत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा असेल तर एक हजार सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत वर्षभरात चार हजार तास पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. सुरुवातीला ऑनलाइन जागेचा उपयोग एवढाच, की ज्याने प्रत्यक्ष ऐकलं त्याला घरी जाऊन पुन्हा ऐकता यावं.

आगरी-कोळी गाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. इथे व्हिडिओला पैसे घालणारा निर्माता गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकतो. गाणं लाखोंनी पाहिलं जातं आणि गायकाच्या स्वतःच्या चॅनेलवर काहीच नसतं. निर्मात्याने पैसे घातलेत, त्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा. पण वर्णनात गीत, संगीत, गायक, वादक, ध्वनिमुद्रण यांची नावं आणि गायकाच्या चॅनेलची लिंक असावी, एवढं शूटिंगच्या आधी ठरवून घ्या.

जागा

नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे, पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह या मोठ्या वास्तू डोळ्यासमोर येतात आणि तिथेच कार्यक्रम करावासा वाटतो. पहिल्या वर्षी हा मोह टाळा. शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांनी धरलेल्या असतात. शिवाय मोठ्या नाट्यगृहात साठ माणसं विखरून बसली की गाणारा खचतो आणि ऐकणारेही अवघडतात. तीच साठ माणसं चाळीस खुर्च्यांच्या खोलीत आली तर मागे उभं राहून ऐकतात आणि पुढच्या वेळी लवकर येतात.

मग कुठे? सोसायटीचं क्लबहाउस, शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, कॅफे, नृत्यवर्गाचा स्टुडिओ. घोडबंदर रोड, खारघर, पाम बीच रोड या पट्ट्यांतल्या मोठ्या संकुलांची क्लबहाउस बहुतेक संध्याकाळी रिकामी असतात. सांस्कृतिक समितीतल्या काकूंना भेटा आणि पहिला कार्यक्रम रहिवाशांसाठी करू असं सांगा. त्यांची पहिली शंका आवाजाची असेल आणि दुसरी बाहेरच्या माणसांची. दोन्हींची उत्तरं तयार ठेवा. साडेनऊला संपणार, आणि बाहेरच्या पाहुण्यांची नावं आदल्या दिवशी गेटवर देणार.

क्लबहाउसमध्ये पाऊल टाकताच टाळी वाजवून पाहा. गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची भिंत, वर सपाट छत, त्यामुळे टाळी तीन-चारदा घुमून येते. अशा खोलीत शब्द कळत नाहीत. मग गायक आवाज वाढवायला सांगतो, आणि आवाज वाढला की घुमणंही वाढतं. उपाय त्याच इमारतीत असतो. स्टोअररूममध्ये गणपतीच्या सतरंज्या असतात, त्या सगळ्या अंथरा. काचेवर पडदे असतील तर ओढून घ्या, नसतील तर जाड चादरी लावा. स्पीकर काचेकडे तोंड करून ठेवू नका, खोलीच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि थोडे खाली झुकवा. ड्रमसेटऐवजी कॅहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) किंवा ढोलकी घ्या. लोकांना खुर्च्यांपेक्षा सतरंजीवर, गाणाऱ्याच्या जवळ बसवा. माणसं आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीतल्या साउंड चेकपेक्षा भरलेल्या खोलीत गाणं जास्त स्वच्छ ऐकू येतं. हे गायकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो साउंड चेकला घाबरणार नाही.

कॅफेत कार्यक्रम करताना मालकाशी एक गोष्ट ठरवा: गाणं चालू असताना मिक्सर-ग्राइंडर आणि कॉफी मशीन थांबेल, ऑर्डर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात घेतल्या जातील. ज्या मालकाला हे जमणार नाही तिथे शांत गाणी नेऊ नका.

स्टेशनचं अंतर विसरू नका. ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा नौपाड्यातल्या खोलीत मुलुंड, कळवा आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीचे लोक येतात. तोच कार्यक्रम घोडबंदरच्या टोकाला केला तर तो फक्त घोडबंदरवासीयांचा होतो. तसाही करावा, पण मग जाहिरात तिथल्याच संकुलांत करा.

तारीख

डिसेंबर ते फेब्रुवारी वादक मिळणं कठीण, कारण लग्नसराई असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षांमुळे घरं शांत असतात आणि सोसायट्या नाही म्हणतात. जून ते ऑगस्ट हा बंद खोलीतल्या कार्यक्रमांसाठी मला सगळ्यात आवडणारा काळ आहे. लोकांना लांब जायचं नसतं आणि वादक मोकळे असतात. गणपतीत दहा दिवस मंडळांना रोज संध्याकाळी काहीतरी हवं असतं. तिथे एक तास मागून घ्या, पण स्वतःची तीन गाणी आणि बाकी लोकांच्या ओळखीची, असं प्रमाण ठेवा. दिवाळीच्या पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडवर तरुणांची जी गर्दी लोटते, तिच्यात स्वतःचा कार्यक्रम उभा करायला जाऊ नका. तिथे आपल्या आगामी कार्यक्रमाचे कागद हातोहात द्या.

पैसे

फुकट कार्यक्रम करू नका. ‘तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळतोय ना’ असं सांगून कलाकाराला रिकाम्या हाताने पाठवणं चुकीचं आहे, आणि ते बंद करायचं असेल तर निदान आपण तरी तसं करू नये.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. साठ तिकिटं, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे १२,००० जमा. समजा साउंडला ४,०००, जागेला २,५००, छपाई आणि चहाला ७०० गेले. उरले ४,८००. तीन जणांचा मुख्य बँड आणि सुरुवातीला गाणारी एक मुलगी, असे चौघे. प्रत्येकी १,००० दिले की ८०० उरतात. ते पुढच्या कार्यक्रमाच्या साउंडसाठी बाजूला ठेवा. आता हाच हिशेब पस्तीस तिकिटं खपली असं धरून करा. जमा ७,००० आणि खर्च ७,२००. म्हणजे कलाकारांचे चार हजार आणि वरचे दोनशे तुमच्या खिशातून जाणार. तेवढे घालायची तयारी नसेल तर साउंड आणि जागा स्वस्त बघा, कलाकारांच्या रकमेला हात लावू नका. मानधन त्याच रात्री, सामान बांधायच्या आधी द्यायचं. यूपीआयने दिलं की नोंदही राहते.

करांचं एवढं लक्षात ठेवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. लोककला किंवा शास्त्रीय गायन-वादन करणाऱ्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. एखाद्या कंपनीने कार्यक्रम दिला आणि वर्षाची रक्कम ५० हजारांवर गेली, तर ती १० टक्के टीडीएस कापून पैसे देईल. कलाकाराचा पॅन आधी घ्या आणि विवरणपत्र भरलं की कापलेले पैसे परत मिळू शकतात हे त्याला सांगा. अनेक वादक हे पैसे सोडून देतात.

परवाने

उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हवी. तलावाकाठी किंवा उद्यानात करायचं तर महापालिकेचीही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. मध्यरात्रीपर्यंत सवलतीचे दिवस वर्षाला जास्तीत जास्त पंधरा, आणि ते सणावारांसाठी असतात. त्यामुळे कार्यक्रम साडेसहाला सुरू करा. शेजाऱ्यांशी भांडण होत नाही आणि लोकांना घरी जायला गाड्या मिळतात.

कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी असतील तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागतो, आणि तो आयोजकाने घ्यायचा असतो, गायकाने नाही. मध्यंतरात रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा. त्यापेक्षा मध्यंतरात इथल्याच कलाकारांचे डेमो त्यांना विचारून लावा. परवान्याचा प्रश्न मिटतो आणि आणखी दोन नावं लोकांच्या कानावर पडतात.

‘हे तर लोकगीत आहे’ असं कोणी म्हणालं तर शोध घ्या. पारंपरिक समजली जाणारी कित्येक कोळीगीतं नामवंत कवींनी लिहिलेली आहेत. शांता शेळके यांनी लिहिलेल्या कोळीगीतांच्या बाबतीत हे फार घडतं. शांताबाई २००२ मध्ये गेल्या. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०६२ अखेरपर्यंत हक्क आहेत. बायकांच्या ओठांवरची, कर्ता ठाऊक नसलेली, लग्नात गायली जाणारी धवलगीतं हा वेगळा विषय. ती घेताना निदान कोणत्या गावातल्या कोणत्या आजीकडून घेतली हे सांगा.

लोकांना कळवणं

भिंतींवर, स्कायवॉकवर, विजेच्या खांबांवर पोस्टर चिकटवू नका. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करणं हा महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. परवानगीने लावायच्या जागा भरपूर आहेत: वाचनालय, क्लासचा फलक, वाद्यांचं दुकान, सोसायटीची लिफ्ट.

खरी मदार व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्रुप काढू नका, सकाळच्या शुभेच्छांत तुमचा कार्यक्रम बुडतो. ब्रॉडकास्ट यादी करा. तिच्यात २५६ नावं मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून दारावर नाव लिहून घेताना समोरच्याला तिथेच नंबर सेव्ह करायला सांगा, आणि महिन्यातून एक-दोनदाच निरोप येईल हा शब्द पाळा. निरोप असा असावा:

‘नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ६.३०, नौपाडा, स्टेशनपासून चालत आठ मिनिटं. घणसोलीचा एक तरुण आगरी बोलीत स्वतः लिहिलेली सहा गाणी गाणार आहे, साथीला बँजो आणि ढोलकी. तिकीट २०० रुपये, जागा ६०. साडेआठला संपेल. सोबत एका गाण्याची चाळीस सेकंदं.’

वेळ, जागा, काय ऐकायला मिळेल, कधी सुटका होईल, सगळं त्यात आहे. ‘अविस्मरणीय सुरेल संध्याकाळ’ असं लिहू नका, त्यातून कोणाला काही कळत नाही.

वर्तमानपत्रंही सोडू नका. ‘ठाणे वैभव’सारखी स्थानिक दैनिकं आणि मोठ्या दैनिकांची ठाणे-नवी मुंबईची पानं अशा बातम्या घेतात. मराठीत, युनिकोडमध्ये, दीडशे शब्दांत लिहा. आडवा फोटो आणि डावीकडून उजवीकडे नावं द्या. चार-पाच दिवस आधी पाठवा आणि दुपारी एकदा फोन करून मिळालं का विचारा. ते कात्रण कलाकाराच्या आईवडिलांपर्यंत पोचतं, आणि मुलगा गाण्यात वेळ घालवतो याबद्दल घरात जे बोललं जातं ते थोडं मवाळ होतं. माझ्या लेखी हा फायदा तिकिटांपेक्षा मोठा आहे.

कार्यक्रमाची संध्याकाळ

साउंडवाला दोन तास आधी, वादक दीड तास आधी. सुरुवात दहा मिनिटांपेक्षा उशिरा नको, मग वीसच माणसं आलेली असली तरी. वेळेवर आलेल्यांना तिष्ठत ठेवलं तर पुढच्या वेळी तेही उशिरा येतात. दारावर ओळखीचा चेहरा ठेवा, यादी कागदावर असू द्या. पाहुणे, सत्कार, शाल-श्रीफळ, नगरसेवकांचं मनोगत यातलं काहीही नको. कोणाचे आभार मानायचे असतील तर गायकाने दोन गाण्यांच्या मध्ये एका वाक्यात मानावेत.

निदान एक गाणं नीट टिपून घ्या. मोबाइल आडवा, स्टँडवर, प्रेक्षकांच्या डोक्यावरून. आवाज मोबाइलचा नको, मिक्सरमधून वेगळा रेकॉर्ड करा. खोलीतल्या टाळ्यांसाठी दुसरा एखादा फोन कोपऱ्यात चालू ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला हे गाणं पाठवा. पुढचा कार्यक्रम त्याच खोलीत, पाच-सहा आठवड्यांनी, निम्मी गाणी नवी ठेवून करा. तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत कोण पुन्हा पुन्हा येतंय ते कळतं. त्यांना नावाने ओळखा.

म्युझिक कंपनीचा फोन आला तर

आनंद करा आणि सही आठवडाभर लांबवा. करार वकिलाला दाखवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते दिसले की मुदत आणि प्रदेश कमी करून मागा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना त्यांच्या शब्द-चालीच्या वापरावर रॉयल्टीचा जो हक्क दिला, तो कंपनीला देऊन टाकता येत नाही. ती रॉयल्टी हाती येण्यासाठी गीतकार-संगीतकाराने आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. गायकाने गायक-वादकांच्या हक्कांसाठी असलेल्या इसाम्रा या संस्थेकडे नोंद करावी. दोन्ही कामं कंपनीची वाट न पाहता आधीच करून ठेवता येतात.

कलाकार पुढे गेला तर त्याला एक फोल्डर द्या: सगळ्या गाण्यांच्या मूळ फाइल, आयएसआरसी क्रमांक, सह्या असलेला वाट्यांचा कागद, वितरकाच्या आणि चॅनेलच्या खात्यांचे पासवर्ड, आजवरच्या कार्यक्रमांचा हिशेब. ही खाती पहिल्या दिवसापासून त्याच्याच ईमेलवर उघडलेली असावीत, तुमच्या नाही. श्रोत्यांची यादी मात्र परस्पर देऊ नका. ज्यांनी नंबर दिला त्यांनी तो तुम्हाला दिला आहे. त्यांना निरोप पाठवा, कलाकाराचा नवा नंबर कळवा, आणि ज्याला हवा तो सेव्ह करेल.